शेजारचा यमदूत

बाभुळगावात आमच्या शेजारची खोली घेतलेला पोरगा आधी यमदूत होता. हे त्यानं स्वतःच सांगितलं, तेही आमच्या ओट्यावर बसून, खिदळत. "कंटाळलो वहिनी, म्हणून माणूस झालो." चहानं तोंड भाजलं की त्याला मौज वाटे, उचकी लागली की तो टाळ्या पिटे. गावात मयत झाली की "मले तो रस्ता पाठ आहे" म्हणत शीळ घालत मागून जाई. मला त्याची धास्ती वाटे. तो ओट्यावर आला की मी पोरांना आत घ्यायची.

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली आणि फवारणी वाढली. एका दुपारी आमचे हे शेतात औषध फवारून आले ते भिंत धरतच. तोंडाला फेस, डोळ्यांना दिसेना. माझी किंकाळी ऐकून तो दारात आला आणि तिथेच थिजला. रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत म्हणाला, "याले राहू दे, भाऊ." तिथं कोण उभं होतं, हे मी विचारलं नाही. त्यानं ह्यांना पाठीवर घेतलं आणि जीपपर्यंत अनवाणी धावला.

हे वाचले. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावरही तो दवाखान्याच्या पायरीवर छाती धरून कापत बसला होता.

"वहिनी, हे आत काय धडधडून राह्यलं?"

"भेव म्हणतात त्याले. जाते हळूहळू."

"अन् पुन्हा येते?"

"येते ना."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मंग तुम्ही लोकं झोपता तरी कसे?"