गुडघ्याएवढ्या उंचीवर

गळती कधी झालीच नव्हती. संगणकात मात्र ती रोज होत असे, आणि ती घडवून आणणं हे प्रियदर्शिनीचं काम होतं.

महाडमध्ये एका औषधांच्या दुकानावर, दोन खोल्यांत तिचं ऑफिस. कुठल्या कारखान्यात कुठली झडप निकामी झाली तर वायू कुठवर पसरेल, किती वेळ रेंगाळेल, याचा अंदाज ही मंडळी आधीच बांधून देत. डोंगर, ओढे, घरं, बांध, सगळं पडद्यावर उभं करायचं, त्यातून वारा सोडायचा, आणि मग ठिकठिकाणी आभासी सेन्सर ठेवायचे. हा सेन्सर म्हणजे यंत्र नव्हे. नकाशावर एक ठिपका द्यायचा आणि संगणकाला सांगायचं, इथल्या हवेत किती वायू येतो ते क्षणाक्षणाला कळवत राहा. त्याला वायर नाही, गंज नाही, पोरं दगड मारून तो फोडू शकत नाहीत.

"नुसतं नाक समज," तिने आईला सांगितलं होतं. "माणूस नाय. नाक तेवढं."

"आणि शिंक आली तर पुसायचं कुनी?" बनुबाई म्हणाली होती.

त्या पावसाळ्यात एका कंपनीचं काम आलं. क्लोरीनच्या टाक्यांसाठी नवी शेड बांधायची होती, आवाराच्या वरच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याच्या खाली उतार, उताराखाली भाताची खाचरं, आणि खाचरांना लागून प्रियदर्शिनीची बौद्धवाडी. ऑफिसचे मालक अरविंद सर म्हणाले, "तुझंच गाव आहे. जड जाईल तर मी करतो." ती म्हणाली, "मीच करते." दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिला झोप आली नसती.

तिने केलं, आणि नीट केलं. खाचरांत, अंगणांत, बुद्धविहाराच्या पायरीवर, सगळीकडे सेन्सर ठेवले. प्रत्येकाची उंची उभ्या माणसाच्या नाकाएवढी, जशी नेहमी धरतात तशी. झडप फोडली, वाऱ्याच्या सगळ्या दिशा फिरवून पाहिल्या. आकडे मर्यादेच्या आत राहिले. शनिवारी अहवाल पुरा झाला. सोमवारी तो कंपनीकडे जायचा होता.

रविवारी ती आईबरोबर भाताच्या लावणीला गेली. कॉलेजला गेल्यापासून ती चिखलात उतरलीच नव्हती. शेजारची सोनाबाई टपूनच होती. "कंप्युटरवाली बाय, रोप उलटं खोचशील गो! मुळं खाली असतात."

बाया हसल्या. प्रियदर्शिनीही हसली, साडी खोचून रांगेत उभी राहिली आणि वाकली.

हाताशी रोपांची जुडी, पायाखाली गार चिखल. वारा पडलेला होता. खाचरातलं पाणी काचेसारखं निपचित, आणि तिने श्वास सोडला तशी त्या पाण्यावर एक बारीक सुरकुती उठली. तिने पुन्हा श्वास सोडला. पुन्हा सुरकुती.

ती तशीच वाकून राहिली. मग मान वळवून रांगेकडे पाहिलं. आई, सोनाबाई, त्यांच्या पलीकडच्या साऱ्या जणी कमरेत मोडलेल्या, तोंडं पाण्याकडे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत यांची नाकं गुडघ्याच्या वर येत नाहीत. आणि क्लोरीन हवेपेक्षा जड. तो खालून चालतो, सखल जागा धरून बसतो. तिने ठेवलेली सगळी नाकं त्याच्या वर, मोकळ्या हवेत, उभी होती. या शेतात उभं कोण असतं?

"काय झालं गो? पाठ गेली?" बनुबाईने विचारलं.

"नाय. सेन्सर चुकले."

"हरवले?"

"जाग्यावर हायत. पन उंच हायत."

बनुबाईला काही कळलं नाही, पण लेकीचा चेहरा कळला. "जा मग," ती म्हणाली. "तुझी ओळ मी लावते."

सोमवारी अरविंद सर संगणकाशी बसतात न बसतात तोच ती समोर उभी राहिली. "अहवाल पाठवू नका."

"का? नियमाप्रमाणेच आहे सगळं."

"नियम उभा आहे, सर. बायका वाकलेल्या असतात."

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "चालव पुन्हा. कंपनीच्या साहेबांना मी थोपवतो."

तिने प्रत्येक सेन्सर खाली उतरवला. वारा पडलेली सकाळ घेतली. झडप फोडली. पडद्यावर वायू उताराने आला, बांधाशी तुंबला, बांध ओलांडून खालच्या खाचरात उतरला, जसं पाणी उतरतं अगदी तसा. उभ्या माणसाच्या उंचीवर तो विरळ होता. गुडघ्याशी मर्यादेच्या कितीतरी पट. आईच्या खाचरातल्या सेन्सरची आलेखावरची रेघ सरळ वर चढत गेली. काही घडलेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी तिने त्या खाचराचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

आता एकच गोष्ट पाहायची उरली होती. आवाराचा दुसरा कोपरा, टेकडीच्या सोंडेपलीकडचा. शेड तिकडे नेली तर? तिथूनही वायू वळून आला तर सांगण्यासारखं काही उरणार नव्हतं. कंपनी म्हणाली असती, दोन्हीकडे सारखंच, मग वरचीच बरी. तिने टाकी पलीकडे ठेवली, सेन्सर खालीच ठेवले, नदीकाठी धुणं धुतात तिथेही वाकलेल्या उंचीचे नवे ठेवले, आणि गणित सुरू केलं. संगणक रखडत चालला. ती जेवली नाही. दोनदा उठून तोंड धुऊन आली.

खाचरांतल्या रेघा उठल्याच नाहीत. सोंडेने वायू अडवला, नदीच्या पात्राकडे ढकलला, आणि तिथल्या वाऱ्याने तो फाकला. धुण्याच्या जागी रेघ जराशी हलली, मर्यादेच्या बरीच खाली राहिली, निवली. तिने ते पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

संध्याकाळी कंपनीचे राजेश साहेब आले. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पाहताना ते खुर्चीतच नकळत पुढे वाकले. "ही उंची कुणी सांगितली?"

"सांगितली कुणी नाही. माझी आई तिथे लावणी करते."

साहेबांनी फोन लावला. "वरच्या कोपऱ्यात खणायला सुरुवात झाली का? ... नुसत्या चुन्याच्या रेघा? मग थांबवा. पलीकडे आखा. हो, आजच."

ते जिना उतरून गेले. प्रियदर्शिनी भिंतीला टेकली. छातीतला इतका वेळ वरवर चाललेला श्वास पार पोटापर्यंत गेला आणि तिला सपाटून भूक लागली. सरांनी खालून वडापाव मागवला. पहिला घास तोंडात असतानाच तिने आईला फोन केला.

"शेड तिकडं जानार, आये. सोंडेपल्याड."

"बरं झालं," बनुबाई म्हणाली. जरा थांबून हळूच विचारलं, "इकडं असती तर?"

"आता नाय ना इकडं."

"नाय ना," आई म्हणाली, आणि तिचा सुस्कारा फोनमधून स्पष्ट ऐकू आला. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "उद्या येतेस का? सोनाबाय तापानं पडलीय. मानूस कमी हाय."

"रजा मिळाली तर."

"त्या तुझ्या सरालाच विचार. नायतर त्यालाबी आन, वाकू दे जरा."

प्रियदर्शिनीला हसताना ठसका लागला. अरविंद सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तिने काही विचारायच्या आतच म्हणाले, "जा."