पाण्यात राहिलेला निरोप

माझा स्वभाव मुळातच संशयी. बाजारातून मेथीची जुडी आणली तरी ती सोडून बघते, आत काय दडवलंय म्हणून. आष्ट्याच्या आमच्या मळ्यात दर साली मेंढरं बसवायला येणारा माणदेशातला मेंढका जेव्हा म्हणाला, "वैनी, निरोप हाय, पर आठवंना," तेव्हा माझा त्याच्यावर काडीचाही विश्वास बसला नाही.

निरोप माझ्या नवऱ्याचा होता. तो पलटणीत होता. लढाईच्या त्या दिवसांत महिनाभर रजेवर आला, फाल्गुनात परत गेला आणि श्रावणात तार आली, बेपत्ता. तो पुढंही कधी आला नाही, हे आधीच सांगून टाकते.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची पेटी भरताना मला सुवासिक तेलाची अर्धी संपलेली बाटली सापडली. "कुणाची?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "माझी." गडीमाणूस असलं तेल लावतो होय? तो हसला आणि मी आणखीच भडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी वाटीत दही देऊन मला सोप्यात पाठवलं. गावाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही घातल्याशिवाय आमच्याकडं कुणी उंबरा ओलांडत नाही. त्यानं हात पुढं केला. मी वाटी कोनाड्यात ठेवली आणि तोंड फिरवलं. तो तसाच हात पुढं धरून उभा राहिला, मग पेटी उचलून चालता झाला. ते दही मी मांजरापुढं ओतलं आणि रिकामी वाटी आत नेली. "दिलंस?" सासूबाईंनी विचारलं. "दिलं," मी म्हणाले.

तार आल्यावर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायच्या, "हातावर दही घेऊन गेलाय माजा ल्योक. यील." ते ऐकलं की मी उठून आत जायचे. त्यांना खरं सांगायची मात्र छाती होत नव्हती.

दिवाळी झाली आणि मेंढका आला. ही माणसं सुगीनंतर मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी येतात, रानात मेंढरं बसवतात. रानाला खत मिळतं, त्यांना जोंधळे मिळतात. फाल्गुनात आमच्या रानातून उठून ते नदीवर जातात. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात ना. गेल्या साली तो पाण्यात उभा राहून मेंढरं धूत होता, तेव्हा माझा नवरा काठावर नावेची वाट बघत होता.

"मला म्हनलं, मामा, वैनीस्नी येवढं सांगा. मी म्हनलं, फुडच्या साली येतो तवा सांगतो," मेंढका कपाळ चोळत म्हणाला. "काय बरं म्हनलं हुतं..."

"आवं मामा, आठवा की."

"पान्यातलं बोलनं हाय वैनी. हितं कोरड्यात कसं सापडावं?"

मला तो निव्वळ चावटपणा वाटला. ज्याला ऐंशी मेंढरांतली कुठली कुणाच्या पोटची ते पाठ, त्याला एक वाक्य आठवू नये? मी त्याला उलटसुलट विचारून बघितलं. पेटी कुठल्या हातात होती, हे त्यानं सांगितलं. त्या वेळी कुठली मेंढी लाथा झाडत होती, तेही सांगितलं. निरोपाचं विचारलं की ताकास तूर लागू देईना. कुठंतरी पाणी मुरतंय, अशी माझी खात्रीच झाली. त्या तेलाच्या बाटलीवालीचं नाव त्याला ठाऊक असणार. किंवा नवऱ्यानं मला टाकल्याचा निरोप दिला असणार आणि हा भिडेनं गिळून बसला असणार. नाहीतर मग सासूबाई लेकाचा निरोप्या म्हणून त्याला रोज ताक-भाकरी वाढतात, ती बंद होईल म्हणून लांबण लावतोय. काही दिवस मी त्याच्या बायकोशीही धड बोलले नाही.

फाल्गुनात ते नदीकडं निघाले, तेव्हा वाकळा धुवायचं निमित्त काढून मीही मागोमाग गेले. त्याला खोट्यात पकडायचंच होतं. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला होता. मी काठावरनं ओरडले, "मामा, आता पानी हाय. बोला!"

"कामात हाय न्हवं वैनी," तो वैतागून म्हणाला. एका हातानं त्यानं मेंढीची हनुवटी वर धरली होती, दुसऱ्या हातानं लोकर पिळत होता. ओल्या लोकरीचा उग्र वास काठापर्यंत येत होता. एवढ्यात पल्याडून नावाड्यानं हाळी घातली, "कोन हाय रं तिकडं?" मेंढक्यानं मान वर केली. माझ्याकडं नाही, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं त्यानं बघितलं, आणि त्याचा हात थांबला.

"दही लावून ठिवा म्हनावं," तो म्हणाला. "ह्या टायमाचं ऱ्हायलंय, आल्यावर खाईन." मग माझ्याकडं बघून खुळ्यासारखा हसला. "येवढंच हुतं वैनी. कसलं दही, मला काय कळलं न्हाई."

माझं संशयी मन तिथंही धावलं. ह्याला कुणी पढवलं असेल का? पण पढवणार कोण? दही राहिलं होतं, हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक मी काठावर उभी होते. मी तशीच वाकळांवर बसले आणि ढसाढसा रडले. मेंढक्याची बायको येऊन माझ्याजवळ बसली.

घरी आले तेव्हा सासूबाई चुलीपुढं होत्या. "आटवलं का त्येला?"

"आत्ती," मी म्हणाले, "त्या दिवशी मी त्यास्नी दही दिलंच न्हवतं." आणि निरोप सांगितला.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग दुधाचं भांडं चुलीवरून उतरवलं, माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "लाव मग."