विहिरीची मोटर

बारावीला मला फोन मिळाला तो अभ्यासासाठी, असं गावभर सांगितलं गेलं. खरं तर तो घराचा होता. उंब्रजजवळच्या आमच्या गावात पोरीच्या फोनला लॉक असलं की पोरीचं काहीतरी आहे असं समजतात. संध्याकाळी तो टीव्हीशेजारी ठेवायचा, आणि फौजेतून रिटायर झालेले माझे वडील, आबा, किट तपासावं तसा तो तपासायचे. वावगं काही सापडलं तर फोन जाईलच, पण बारावीनंतरचं विश्रामबागचं कॉलेजही जाईल, असं आईनं आधीच बजावलं होतं. आणि मला त्या कॉलेजात जायचंच होतं.

पण वर्गात एक मुलगा होता. आमचं बोलणं म्हणजे सरांच्या नकला आणि कोण काय जेवलं. त्याचा नंबर ठेवायचा कुठल्या नावानं? आमच्या उसाच्या रानातल्या विहिरीवर मोबाईलवर चालणारा स्टार्टर आहे. लाईट आली की तो घरातल्या सगळ्यांना फोन करून सांगतो. मी खऱ्या मोटरचा नंबर खोडला आणि मुलाचा 'विहिरीची मोटर' या नावानं ठेवला. स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूश होते.

एकदा आठच्या सुमारास आम्ही जेवायला बसलो आणि 'विहिरीची मोटर' वाजली. आबांनी उठून फोन घेतला, नेहमीसारखा स्पीकर लावला.

"जेवलीस का?" मोटर म्हणाली.



"बसलोय जेवायला," आबा म्हणाले. "तुजी लाईट आली का रं?"

"आली, काका," एवढं बोलून मोटर बंद पडली.

आबा पाटावर येऊन बसले. आईला म्हणाले, "आपली मोटर लय मायाळू हाय."

पुढं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी त्या मुलाशी बोलणं बंद केलं, आणि भीतीपोटी इतका अभ्यास केला की मार्क भरपूर पडले. प्रवेश मिळाला, तरी एसटी हलेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

खिडकीतून आबांनी फोन दिला. "मोटरचा नंबर बदललाय. रोज आठला फोन यील. उचलत जा."

होस्टेलच्या पहिल्या संध्याकाळी मला घरच्या आठवणीनं रडू फुटलं. बरोबर आठला फोन वाजला. शेजारच्या पलंगावरची मुलगी स्क्रीनवर डोकावली. "अगं, तुला मोटर फोन करते?"

मी डोळे पुसून उचलला.

"जेवलीस का?" आबांनी विचारलं.