जाईबाईची टाच

जाईबाई,

तुला पत्र वाचायला वेळ नाही, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला लिहायला भरपूर आहे. स्वतःबद्दल तू कोणाला धड सांगणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. चुकलं तर भांडायला ये.

चाकणजवळच्या आमच्या गावात जाईबाईने तेहतीस वर्षं पायमशिनीवर ब्लाउज शिवले. चवड्याने रेटायचं, टाचेने रेटायचं. पुन्हा चवडा, पुन्हा टाच. गप्पा मारतानाच काय, भांडतानाही पाय चालूच. चोपन्नाव्या वर्षी ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कंपनीत गेली. सात दिवसांची ट्रायल. जमलं तर शिलाईची लाइन, नाही तर पॅकिंग.

तिथल्या मोटारीच्या मशिनीवर चवडा दाबला की शिलाई, टाच दाबली की दोरा कट. जाईबाईची टाच सवयीने खाली जायची आणि दर चार टाक्यांवर कच्च! शेजारच्या पोरी दोन दिवसांत शिकल्या. शिकणारच. त्यांच्या पायांना विसरायचं होतं काय?

"मावशी, टाचेकडे लक्ष द्या ना," लाइन सांभाळणारी चोवीस वर्षांची पुनम म्हणाली.

"लक्ष दिलं की जास्तच नाचती गं ती."

"मग पॅकिंगला जाता का? निवांत काम आहे."

"मी शिवणारी हाय. खोकी बांधाया न्हाई आले."

वय झालं की डोकं चालत नाही, असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. डोक्याला पहिल्याच तासात कळलं होतं. पायाला कोण सांगणार?

सहाव्या दिवशी तिने टाचेशी भांडण सोडलं. उजवा पाय तिरका धरला; चवडा पायडलवर, टाच बाजूला बाहेर, हवेत. आता ती कितीही नाचेना का! शिलाई संपली की डाव्या पायाने पायडलची मागची कड दाबायची, दोरा कट. पुनम वाकून बघतच राहिली.

"मावशी, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं?"

"माझ्या."

सातव्या दिवशी हेडरेस्टचा गोल कोपरा आला. पोरींच्या कापडाला चुण्या पडत होत्या. जाईबाईचा हात बाह्यांचे गोल बसवून तयार झालेला; एक चुणी नाही. पुनमने तेच कव्हर नमुना म्हणून लाइनीच्या तोंडाशी टांगलं आणि तिचं नाव शिलाईच्या यादीत घातलं. जाईबाईने माझ्याशिवाय गावात कोणाला सांगितलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी ती घरच्या मशिनीवर बसली, तर चवडा दाबून मशीन आपोआप चालायची वाट बघत राहिली! स्वतःच खो खो हसली. मग चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, आणि चिडून रेटलं तसा जुना चामडी पट्टाही गेला.

"बाई, पिंपरीला जाल तवा पट्टा आणा," ती मला म्हणाली. "पायाला दोनी मशिनी आल्या पायजेत."

"आणते," मी म्हटलं.

जाईबाई, त्यानंतर मी चारदा पिंपरीला जाऊन आले. पट्टा दर वेळी विसरले, अजून आणलेला नाही.