कणीस-चिमणीची चादर

अन्याय झाला तो सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या नक्षीमास्तरांवर. केव्हा झाला तेही सांगतो, कारण अन्यायाला साल-वार लागतो असं संघटनेत मला पत्रकं लिहायला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सत्त्याहत्तर साली, दसऱ्याच्या आदल्या बुधवारी, सकाळी अकराच्या टपालाने. गल्लीने मिळून परदेशी पाठवलेल्या चादरींबद्दलचं पत्र आलं, ते इंग्रजीत होतं म्हणून वाचायला मला बोलावलं. मी वाचून सांगितलं ते असं: तुमच्या चादरींच्या गाठी इथल्या बंदरात अडवल्या आहेत. चादरीवरची नक्षी आमच्या देशातल्या एका कंपनीच्या नावावर नोंदलेली आहे. तुम्ही नक्कल केली आहे, सबब माल परत न्यावा.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंचिदे की."

'मंचिदे' म्हणजे तेलुगूत 'चांगलंच आहे'. त्याला आपला सोलापुरी 'की' जोडून मास्तर हे कशालाही लावत. शेजारी मुलगी झाली, मंचिदे की. भर दुपारी लाईट गेली आणि गल्लीतले माग थांबले, मंचिदे की, जरा कानांना सुट्टी. मी आणीबाणीत चार दिवस कोठडीत बसून आलो तेव्हाही हेच ऐकलं होतं, वर "वजन कमी झालं न्हाय तुमचं" हा शेरा.

तुमच्या घरात सोलापुरी चादर असेल, आणि ती विणणाऱ्याचा विचार तुम्ही एखाद्या थंडीत केलाही असेल. पण तिच्यावरचं फूल कुणीतरी आधी चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन भरून काढतो, हे ध्यानात येत नाही. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे मागावरचा धागा उठतो, नसेल तिथे खाली राहतो. मास्तर हे काम करत. एका चादरीला शेकडो पुठ्ठे, आणि एक भोक चुकलं तर फुलाला कुबड येतं. चष्म्याची एक काडी सुताने बांधलेली, मांडीवर पुठ्ठा, ओठांत पेन्सिल. शेजारी त्यांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, सूप पुढ्यात घेऊन विड्या वळत असे. तिचा हात मास्तरांपेक्षा भराभर चाले आणि जीभ हातापेक्षा.

त्यांच्या गल्लीत एक रीत होती. नवी नक्षी मागावरून उतरली की पहिली चादर आठ दिवस घराबाहेर बांबूवर टांगायची. कुणीही यावं, धागे मोजावेत, कागदावर उतरवून न्यावं. ज्याला आवडेल त्याने खुशाल विणावी, फक्त ज्याची मूळ नक्षी त्याच्या घरी एक नारळ द्यायचा. मास्तर दारात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा, हाक मारत, "बघून जावा की." आणि चादर उलटून दाखवत. "पाट बघा आधी. तोंड समद्यांचंच बरं असतंय."

"ह्येंनी घरातलं भायेर टांगलं न्हाय असं एकच ऱ्हायलंय," अक्का म्हणायची, "मी."

"तुला बघून कोन नारळ देईल?" मास्तर विचारत. यावर मुठीने तंबाखू अंगावर यायची.

कणीस-चिमणी ही त्यांची सगळ्यात गाजलेली नक्षी. त्र्याहत्तर सालची, दुष्काळातली. शेतात कणीस दिसत नव्हतं तेव्हा ह्या माणसाने ते चादरीवर काढलं. चारही कोपऱ्यांत शाळूचं, म्हणजे आपल्या ज्वारीचं, भरलेलं कणीस, आणि त्यावर मान वाकडी करून बसलेली चिमणी. त्या वर्षी मास्तरांच्या घरी इतके नारळ आले की महिनाभर आमटीपासून चटणीपर्यंत सगळ्यांत खोबरं होतं.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याबरोबर एक परदेशी गृहस्थ गल्लीत आले. मास्तरांनी त्यांनाही हाक मारली, "बघून जावा की." साहेब ओट्यावर बसले, बशीतून चहा प्याले. मास्तरांनी एक चादर घडी करून त्यांच्या हातात ठेवली, भेट म्हणून. साहेबांनी नारळ दिला नाही. मायदेशी परतून आपल्या कंपनीच्या नावावर नक्षी नोंदवली.

हे सगळं जुळवल्यावर मी संतापलो होतो. मास्तर त्या इंग्रजी पत्रासोबत आलेला नोंदणीचा कागद डोळ्यांजवळ धरून बसले होते. "हितं काय लिवलंय?" त्यांनी बोट ठेवलं. "गहू आणि पक्षी," मी म्हणालो. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"गहू?" ते म्हणाले. "त्येंना सांगा, गहू न्हाय त्ये. शाळू हाय. डोळे फुटले काय?"

त्यांना राग आलेला मी तेवढाच पाहिला.

आम्ही कामाला लागलो. मी तीन पत्रकं काढली. श्रीमंत देश आमच्या कापडाला आयातीच्या कोट्याचं कुंपण घालतात, आणि त्याच कुंपणाखालून हात घालून आमची नक्षी नेतात, असं मी त्यांत लिहिलं. ते आजही खरं मानतो. जिनिव्हाला व्यापाराच्या आणि हक्कांच्या नियमांवर बोलणी चालली होती, तिथे जाणारे एक अधिकारी दिल्लीहून सोलापुरात गाऱ्हाणी ऐकायला येणार होते. आमचे वकील म्हणाले, नक्षी इथे मास्तरांच्या नावावर नोंदवायला अर्ज करू, त्यासाठी मास्तरांनी दोनच वाक्यं बोलायची. एक, नक्षी माझी एकट्याची. दोन, नोंदणीचा अर्ज करण्याआधी ती कुणाला दाखवली नाही. कायदाच तसा आहे, आधी उघड झालेली नक्षी नोंदता येत नाही.

मी मास्तरांकडून ती दोन वाक्यं तीन दिवस घोकून घेतली. ते शहाण्यासारखे म्हणत होते. अक्का मात्र विडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "तुमी उगा शिनताय बाबू. ह्येंच्या तोंडात खोटं टिकत न्हाई, विरगळतंय."

सभा भरली. दिल्लीचे साहेब सभ्य होते, मराठी जाणणारे. त्यांनी विचारलं, "मास्तर, ही नक्षी तुम्ही आधी कुणाला दाखवली होती का?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी 'नाही' म्हणालो.

"दाखिवल्याबिगर कसं जमंल साहेब?" मास्तर म्हणाले. "आठ दिवस भायेर टांगली हुती. तुमीबी यायचं हुतं, बघून जायचं हुतं."

सभा हसली. वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजावलं, की मग इथे ती तुमच्या नावावर नोंदता येणार नाही. मी उठून ओरडलो, "मग त्या कंपनीच्या नावावर कशी झाली? तीच चादर, तेच आठ दिवस." साहेब म्हणाले, त्या देशाचा कायदा वेगळा आहे. त्यांच्या देशात आधी दिसली होती का एवढंच ते बघतात. सोलापुरात टांगलेलं ते धरत नाहीत.

मग मास्तरांनी अगदी सरळ, शंका विचारावी तसं विचारलं, "हितलं दिसलेलं धरत न्हाईत, तर मग त्या मानसाला ती दिसली कुटं?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन उचललं आणि ते वाक्य उतरवून घेतलं. निघताना मास्तरांनी त्यांना जिन्यात गाठलं. "तितं जाताय, तर त्येंना सांगा. नक्षी वापरा, आमची ना न्हाई. एक नारळ देऊन जावा."

परतताना मी मास्तरांवर भडकलो. रस्त्यात, लोकांदेखत. आता मला त्याची लाज वाटते. मी म्हणालो, एक वाक्य, एक खोटं वाक्य बोलला असतात तर.

"मग गल्लीत तोंड कसं दाखिवनार?" ते म्हणाले. "समद्यांनी नारळ दिलेत. खाल्लेत मी ते." आणि थोडं पुढे गेल्यावर, "चला, भजी खाऊ. लई ओरडलात तुमी."

दिल्लीच्या साहेबांचं पत्र यायला वर्ष गेलं. त्यांनी मास्तरांचा प्रश्न तिथे मांडला होता. लगेच काही बदलणार नव्हतं, पण त्यांना आणखी जोर हवा होता: त्या कंपनीने शहात्तर साली नोंद केली, त्याआधी ही नक्षी लोकांच्या घरात होती, असं सांगणारी माणसं दाखवा. शक्य तितकी.

ते पत्र आलं तेव्हा मास्तरांना जाऊन अठरा दिवस झाले होते. सकाळी पुठ्ठ्यावर बसले, भोकं पाडली, जरा आडवं होतो म्हणाले, आणि उठले नाहीत. मी पत्र घेऊन गेलो. अक्काने ट्रंक उघडली, सगळे कपडे जमिनीवर काढले. तीन साड्या, धोतर, एक जुनी बंडी. कणीस-चिमणीची एकही चादर घरात नव्हती. पावण्याला दिली, लग्नात दिली, पाऊस लागला म्हणून वाटेच्या माणसालाही दिली.

"समद्या लोकांच्या अंगावर हायेत," ती म्हणाली. "जावा, मागून आना आता."

म्हणून मागतो आहे. पुरावा मास्तरांच्या घरात नाही, तुमच्या घरात आहे. आता उठा आणि गाद्यांच्या घडवंचीवर, पेटीत, आजारी माणसाच्या पायथ्याशी बघा. कोपऱ्यात कणीस आणि त्यावर मान वाकडी केलेली चिमणी असेल, तर एक पोस्टकार्ड घ्या. ही चादर आमच्याकडे कधी आली, कुणी दिली, कुणी पांघरली, एवढंच लिहा आणि खाली सही करा. जे आठवतं तेच लिहा, पदरचं घालू नका. आणि शाळू असं लिहा, गहू नव्हे. पत्ता मागच्या पानावर छापला आहे. आजच्या टपालात टाका.