उलटा करून पाहिलेला रोबो

जगातली कुठलीही वस्तू उलटी केल्याशिवाय खरी दिसत नाही, यावर आमच्या आतोबांची जेवढी श्रद्धा होती तेवढी कुलदैवतावरही नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, राहणार राजुरी. नारायणगावच्या बाजारात व्यापाऱ्यांसाठी टोमॅटो पारखणं हा त्यांचा धंदा. वरच्या थराला लालबुंद माल आणि तळाला चेपलेला, ही लबाडी त्यांना तोंडपाठ, म्हणून क्रेट दिसला की आधी पालथा. पुढे हा हात घरातही वळवळू लागला. आत्याची भाकरी ते उलटून बघत आणि बोलणी खात. ताईला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, बघायला येणाऱ्यांच्या चपलासुद्धा ते दारात उलट्या करून टाच कुठं झिजलीय ते बघत. तीन स्थळं त्यांनी नुसत्या टाचेवर घालवली.

आयुष्यात एकच वस्तू त्यांनी न उलटता घेतली. ताई तिसरीत असताना तिनं बाहुली नको, ट्रकचा रोबो होतो तोच हवा म्हणून बाजारात बसकण मारली. आतोबा खोक्यावरच्या चित्राला भुलले. जीप राजुरीला पोचेपर्यंत रोबोचा उजवा हात गळून पडला. ताईनं गाव डोक्यावर घेतलं. ‘उद्या बसवून देतो’ म्हणून आतोबांनी डिंक लावला, तार बांधली, पंक्चरचं सोल्युशन लावलं. हात काही बसला नाही.

तेव्हापासून बाजारातला एकही रोबो त्यांच्या तावडीतून सुटला नाही. टोमॅटोचा लिलाव आटोपला की स्वारी खेळण्यांच्या दुकानात. ट्रकचा रोबो, रोबोचा ट्रक, असं दहादा करायचं, गुडघे हलवायचे, कानाशी नेऊन आत काही खुळखुळतंय का ऐकायचं, सांध्यात स्क्रू आहे की नुसता चिकटवलाय ते नखानं बघायचं. मग ‘स्वतःच्या पायावर उभा ऱ्हाईना, त्याच्यापरीस ट्रकच बरा’ असा निकाल देऊन खाली ठेवायचा. घेतला मात्र एकही नाही. जुन्नरचे एक खेळणीवाले चाचा तर त्यांना लांबून पाहिलं की चहा सांगत, म्हणजे निदान एक हात तरी गुंतेल.

चौथं स्थळ आलं ते चाकणला प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे साचे करणाऱ्या मुलाचं. ताईला तो मनापासून आवडला होता. हा नाही तर कुणीच नाही, असं तिनं मला आणि आत्याला बजावलं होतं. आणि या शहाण्यानं यावं काय घेऊन, तर स्वतः साचा केलेला रोबो! मी कपाळावर हात मारला. आतोबांनी पाहुण्यांना तसंच ताटकळत ठेवून रोबो उलटा केला, वाकवला, ट्रक केला, परत रोबो केला आणि टीपॉयवर उभा केला. तो आडवा झाला. पोहे गार झाले. दाराआड ताईनं माझं मनगट असं आवळलं की वळ उठले.

आतोबा तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, “कंबर ढिली हाय. चूक माझीच, साच्यात केसभर जास्त कापलं गेलं. चांगला बी आणता आला असता, पण तुमी उलटा करून बघता असं ऐकलं व्हतं.”

आतोबांनी आडवा पडलेला रोबो उचलून मांडीवर घेतला. मग त्याच्या वडलांना म्हणाले, “पावणं, यानं वरचा थर लावून आणला न्हाई. तारीख काढा.”

पाठवणीला सगळे रडले, आतोबा सोडून. जीप सुरू झाली तेव्हा मात्र ते आतून धावत आले आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जावयाच्या मांडीवर ठेवलं. तोच जुना रोबो, आणि सुटा हात. “तेवढा बसवा,” ते म्हणाले. “उद्या देतो म्हनलं व्हतं हिला. लई वर्सं झाली.”

दिवाळीला ताई आली. तिनं तो रोबो बापाच्या तळहातावर ठेवला. दोन्ही हात जागच्या जागी होते. आता हे उलटा करणार, म्हणून आम्ही सगळे टपून बसलो. आतोबा हाताच्या सांध्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

“असू दे,” ते म्हणाले. “वरूनच बेस दिसतंय.”