नम्र इंदापूरकर

इंदापूरच्या कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणे. ते दोनच बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक ओळ आधी मोठ्याने म्हणून बघत. समोरचा कितीही तावातावाने बोलला तरी कागदावर ‘नम्र विनंती’च उतरे.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी बारामती आणि इंदापूरच्या शेकडो जुन्या अर्जांच्या झेरॉक्स काढून त्यांतले नम्रतेचे आणि रागाचे शब्द मोजले होते. इंदापूरची माणसं जास्त नम्र, असा निष्कर्ष निघाला, पण तो मलाच पटत नव्हता. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. मी भीतभीत आबांना तो निष्कर्ष सांगितला.

ते हसले नाहीत. माझा गठ्ठा मांडीवर घेऊन तुटकी वेलांटी दिसेल तो कागद बाजूला काढू लागले. ती वेलांटी त्यांच्याच यंत्राची होती.

“ताई, ही मानसं न्हाईत, ह्यो मीच हाय. मानसं लई तापून येत्यात. मी गार करून लिवतो.”

बाजूला काढलेले कागद त्यांनी सुतळीने बांधून दिले. “ह्ये मोजू नका.”

घरी येऊन मी उरलेले, लोकांनी स्वतः लिहिलेले अर्ज पुन्हा मोजले. इंदापूरकर बारामतीकरांइतकेच चिडलेले निघाले. माझा निष्कर्ष गेला, पण सोमवारच्या आधी गेला. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.